साडेतीन कमानींची पागा

माझं माहेर घोडेगावच्या बाजाराच्या वाटंवर. बाप जनावरांचा दलाल, उपरन्याखाली गिऱ्हाइकाची बोटं धरायची आनि सौदा करायचा, तोंडानं आकडा काढायचा न्हाई कधी, त्यामुळं आमच्या घरातच बोलनं कमी. मी पोरींत धाकटी. मला मानसाच्या आधी जनावर कळायला लागलं, गाय लांबनं चालत आली तरी सांगायची की हिचा मागचा उजवा पाय दुखतोय. लगीन झालं ते ह्या गावात, नेवाशापासनं खाली, नदी सोडून जरा आत. वरात दारात आली तवा दिवस मावळत हुता, मी पदर थोडा सारून बघितलं तर समोर काळ्या दगडाच्या कमानी, एकीला लागून एक, सात कमानी, वर चुन्याची नक्षी, मला वाटलं देऊळच हाय, मी चालता चालता हात जोडले. माझी थोरली जाऊ शेजारी हुती, कमल तिचं नाव, ती कानाशी लागून म्हनली, अगं हात कुनाला जोडती, गोठा हाय तो.

तर असा हा गोठा. गावात पागा म्हनत्यात. कुन्या सरदाराची घोडी बांधायची जागा, पार जुनी, कुन्या सरदाराची ते आता कुनालाच सांगता येत न्हाई, जो तो येगळं नाव घेतो. आमच्या आजेसासऱ्यानं ती विकत घेतली आनि बैलं बांधली. दगडी गव्हानी, सागाचे खांब, भिंती एवढ्या जाड की उन्हाळ्यात आत गेलं की अंगाला गारवा लागायचा, मानसांच्या घरावर पत्रा आनि जनावरं दगडाच्या महालात. सासूबाई म्हनायच्या, ह्या घरात पुढच्या जन्मी म्हैस होऊन यावं.

मी आनि थोरली त्याच पागेत धारा काढायचो. एकीच्या हाताला एक कमान, दुसरीच्या हाताला दुसरी, दोघींची बोलनी चालायची, दुधाची धार आनि बोलनं एकदमच संपायचं. तिनं मला लई शिकवलं, खोटं कशाला बोलू. बाळंतपनात माझं सगळं तिनं केलं. मी तिला बाई म्हनायची, ती मला हिरे म्हनायची. बरी वीस-बावीस वर्सं अशी गेली.

मग ते गाईचं झालं. थोरलीनं माहेराहून कपिला गाय आनलेली, तिच्यावर तिचा लई जीव. पावसाळ्याचे दिवस, सकाळची येळ, घासाच्या वाफ्याचं फाटक उघडं राहिलं आनि कपिला आत शिरली, ओला घास खाल्ला पोट भरून. दहा वाजेपतोर तिचं पोट नगाऱ्यावानी फुगलं. डॉक्टर येस्तवर गेली. थोरली गाईच्या गळ्यात पडून रडली आनि मग उठून माझ्याकडं बघून म्हनली, फाटक तूच उघडं टाकलंस. आता काय सांगू तुमाला. त्या सकाळी घास कापायला मी गेल्ते हे खरं. येताना फाटक लावलं का न्हाई, ते मला तवाबी आठवत नव्हतं. पन मी काय म्हनाले, मी म्हनाले, मी लावलं हुतं. चार मानसांसमोर म्हनाले. ती म्हनली, खोटारडी. तिथनं बोलनं तुटलं.

वरीसभरात वाटन्या झाल्या. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, पागा राहिली. कमानी सात, भाऊ दोन. मग साडेतीन-साडेतीन, मधल्या कमानीच्या पोटातनं विटांची भिंत घातली. पुरुषभर उंचीच्या वर थोडी गेली आनि विटा संपल्या, मग ती तिथंच थांबली, वर छतापतोर मोकळंच. तिकडं तिची जनावरं, हिकडं आमची. भाऊ-भाऊ बांधावर बसून तंबाखू खायचे, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. आमचं दोघींचं मात्र बारा वर्सं बंद. भाऊजी गेले तवा मी तिच्या शेजारी दहा दिवस बसले, पानी दिलं, पोळी वाढली, शब्द न्हाई. पुढं आमचे मालक गेले, ती येऊन तशीच बसली. तिची एकुलती लेक नगरला दिलेली. ती एकटी राहिली, दोन म्हशी आनि एक गाय.

आमच्या संजयचं लगीन केडगावच्या पोरीशी झालं, स्वाती तिचं नाव. बांधकामाचा डिप्लोमा केलेली. संजय सुप्याला कंपनीत, पाळीची नोकरी, म्हनून ती बरीच येळ माझ्यापाशीच. मालक गेल्यावर मी बैल विकले, एक गाय ठेवली तीबी पुढं घराच्या मागं बांधली, पागा मोकळी पडली. स्वाती त्या रिकाम्या कमानीत जाऊन बसायची, भिंतीवर हात फिरवायची. मला वाटायचं, पोरीला माहेरची आठवन येती. एक दिवस म्हनली, आई, हे आपन नीट करू या आनि पाहुन्यांना राहायला देऊ या. मी म्हनाले, कोन पाहुने. म्हनली, पुण्याचे, मुंबईचे, पैसे देऊन राहतात. मी म्हनाले, गोठ्यात? ती म्हनली, गोठ्यातच राहायला येतात, आई.

गाव हसलं की. हिराबाई गोठा भाड्यानं देती, गव्हानीत आंबोन बी देनार का इचारा. मी पन हसायचे त्यांच्यासंगं. पन पोरगी जिद्दीची. नगरहून उस्मानचाचाला घेऊन आली, म्हातारा गवंडी, चुन्याचं काम येनारा. त्यानं सिमेंटची गोनी आत येऊच दिली न्हाई. चुना भिजवला, गूळ आनि बेलफळाचं पानी घातलं, महिनाभर नुस्ता मळत बसला, मला वाटायचं हा मानूस काम करतोय का लाडू वळतोय. पन दगडाच्या सांध्यात तो चुना बसला आनि कमानी न्हाऊन-माखून उभ्या राहिल्यागत दिसायला लागल्या. शेनकूट निघालं, खाली जुनी फरशी निघाली. गव्हान तशीच ठेवून वर फळी टाकली, बसायला. भिंतीच्या अंगाला लाकडी माळा केला, वर दोन गाद्या, खाली पलंग. आनि पार दुसऱ्या टोकाला, जिथं कडबा रचायचो, तिथं बाथरूम.

त्या बाथरूमच्या दारावरनं माझं आनि स्वातीचं वाजलं. मी म्हनाले, फायबरचं दार आन, पान्यानं कुजत न्हाई, नेवाशात तयार मिळतं. ती म्हनली, न्हाई, पागेचंच जुनं सागाचं दार पडून हाय, तेच तासून लावू, कडी-कोयंड्यासकट. मी म्हनाले, एवढं जड दार बाथरूमला, पाहुन्यांची बोटं सापडतील. चार दिवस अबोला. आमच्या घराला अबोल्याची सवयच. शेवटी तिचंच झालं.

अडचन झाली ती भिंतीची. वरनं मोकळी, त्यामुळं थोरलीकडचं सगळं हिकडं यायचं, शेनाचा वास, माश्या, म्हशीचं ओरडनं. उस्मानचाचा म्हनला, भिंत वर न्यायची न्हाई, कमानीवर भार येतो, एक तर काढा न्हाईतर ऱ्हाऊ द्या. स्वाती थोरलीकडं गेली. सुनेचं आनि तिचं काही वाकडं नव्हतं. म्हनली, मोठ्या आई, तुमची बाजू बी आमाला द्या, म्हशींना नवा गोठा बांधून देऊ. थोरली म्हनली, आनि माझ्या म्हशी कुठं जातील, लॉजवर? दुसऱ्या दिवसापासनं तिनं शेन नेमकं भिंतीच्या अंगाला टाकायला सुरुवात केली.

पाहुने यायला लागले तरी. मला सुरुवातीला अवघड वाटायचं, पैसे देनाऱ्याला पाहुना कसं म्हनायचं. मग सवय झाली. त्यांना बाजरीची भाकरी पाहिजे, पन पातळ पाहिजे. ठेचा पाहिजे, पन तिखट नको. एक जन कमानीखाली उभा राहून इचारतो, मावशी, हितं शांतता किती वाजता असती. मी म्हनाले, म्हशीला इचारून सांगते. नाक धरनारेबी यायचे, एक कुटुंब तर दुपारी आलं आनि चहा पिऊन परत गेलं. स्वाती रडली त्या दिवशी. मी न्हाई रडले. मला ती भिंत दिसली की माझंच तोंड दिसायचं.

आता वाघाचं सांगते. बिबट्या म्हनत्यात, आमी वाघच म्हनतो. आमच्याकडं ऊस चिक्कार, उसात त्यांची पिल्लं होत्यात, उसातच वाढत्यात. थंडीत तोड सुरू झाली की त्यांचं घर जातं, मग ते फिरत्यात. त्या येळेला पुण्याचं एक कुटुंब आलेलं, नवरा-बायको, सहा वर्सांची पोरगी आनि नवऱ्याची आई. आईचं खुब्याचं आप्रेशन झालेलं, वॉकर घेऊन चालायच्या. बायको आनि पोरगी माळ्यावर झोपलेल्या, आजी खाली पलंगावर. सकाळी दिवस उगवायला तो मानूस फोटो काढायला बाहेर गेला आनि मोठं दार उघडं टाकून गेला.

मी चहाचा थर्मास घेऊन अंगनातनं येत हुते. आमचं मोत्या कुत्रं माझ्या पायाशेजारनं गोळी सुटावी तसं पागेत शिरलं आनि त्याच्या मागं ते पिवळं. माझ्या हातातला थर्मास पडला तेवढं आठवतं. आत काहीतरी आदळलं, मोत्या बाथरूमच्या बारक्या खिडकीतनं बाहेर पडून पळालं, ते पिवळं आतच राहिलं. मी दारातनं बघितलं. पलंगावर आजी, चादर हनुवटीपतोर, डोळे सताड उघडे. माळ्यावर पोरीच्या तोंडावर तिच्या आईनं हात दाबलेला. आनि वाघ कुठं दिसत न्हाई. बाथरूमचं दार उघडं, फळी बाहेरच्या अंगाला. म्हंजी तो आत हुता. आजीच्या पलंगापासनं सात-आठ पावलं.

तो मानूस धावत आला, आई, आई करत, स्वातीनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं, म्हनली, ओरडू नका, तो बाहेर येईल. एका हातानं त्याला धरून दुसऱ्या हातानं ती फॉरेस्टवाल्यांना फोन लावत हुती. भिंतीपलीकडं म्हशी दाव्याला हिसके देत हुत्या, त्यांना वास आलेला. आनि तेवढ्यात भिंतीच्या वर थोरलीचं डोकं आलं. गव्हानीवर चढून उभी राहिली हुती. तिनं हिकडं बघितलं, तिकडं बघितलं. भिंतीवरनं बाथरूम समोरासमोर दिसतं. मला दारातनं आतलं काही दिसत नव्हतं, तिला सगळं दिसत हुतं.

तिनं आधी हात पुढं करून पोरीला माळ्यावरनं भिंतीवर घेतलं आनि पलीकडं उतरवलं, मग तिच्या आईला. काही आवाज न्हाई. स्वताच्या म्हशी बांधलेल्या असताना तिनं हे केलं, वाघ त्यांच्या मागं भिंत चढून आला असता तर तिची तिन्ही जनावरं गेली असती, हे तिला कळत नव्हतं असं न्हाई. मग राहिल्या आजी. त्यांना उचलून न्यायचं म्हंजी दोन मानसं आत, वॉकर, आवाज. मी चपला काढल्या. ह्यात शूरपना काही न्हाई, लिहू नका तसं, ताई. पाहुनी माझ्या घरात झोपलेली, दार माझ्या घरचं, मग ते लावायचं कुनी.

मी दाराकडच्या दगडी भिंतीला चिकटून निघाले. दाराच्या फळीमागनं गेलं की मी त्याला दिसनार न्हाई, पन तोबी मला दिसनार न्हाई. निम्म्यात गेले आनि वरनं आवाज आला, थांब.

बारा वर्सांनी पहिला शब्द. हळू, धारंच्या वक्ताला बोलायची तसा. मी थांबले. ती म्हनली, हिरे, हलू नको, दाराकडं बघतोय तो. मी दगड झाले. किती येळ ते मला सांगता येनार न्हाई. मनात आलं, हिच्या शब्दावर मी उभी हाय, जिच्याशी मी खोटं बोलले तिच्या. ही जा म्हनली तर जायचं, आनि ती जा कवा म्हनल ते तिच्या हातात. मग ती म्हनली, बसला. पाठ केली त्यानं. आता जा, हिरे, आता.

मी फळीला खांदा लावला आनि ढकलली. जड दार, पन बिजागरीला स्वातीनं तेल घातलेलं, आवाज न करता फिरलं. कडी घातली, आनि घातली का न्हाई तोवर आतनं असा धक्का बसला की मी खाली बसले. दार हललं न्हाई. फायबरचं असतं तर काय झालं असतं ते स्वाती मला आजपतोर एकदाबी म्हनली न्हाई, हे तिचं मोठेपन. आजी पलंगावरनं म्हनाल्या, गेलं का हो ते कुत्रं. त्यांनी चष्मा घातला नव्हता. मग त्यांनी चहा मागितला, तर थर्मास फुटलेला.

दुपारपतोर फॉरेस्टवाले आले, खिडकीतनं इंजक्शन मारलं, पिंजऱ्यात घालून नेला. वरीस-दीड वरसाचं पोरच हुतं, झोपल्यावर जीभ बाहेर आलेली, बघून माया आली. सगळा गाव अंगनात. पाहुने निघाले, ती लहान पोरगी थोरलीचं लुगडं सोडायला तयार न्हाई, म्हनती, म्हशीवाली आजी बी गाडीत घ्या.

संध्याकाळी, धारंची येळ, मी थोरलीच्या बाजूला गेले. भिंत झाल्यापासनं तो उंबरा ओलांडला नव्हता. ती दूध गाळत हुती. मी म्हनाले, बाई, त्या दिवशीचं फाटक, मी लावलं हुतं म्हनाले, पन मला आठवत नव्हतं. माझ्याकडनंच राहिलं असंल. तिनं वर बघितलं न्हाई. फडकं पिळलं, झटकलं. मग म्हनली, राहिलंच हुतं. मी बघितलं हुतं उघडं. परसाकडनं येताना बघितलं आनि मनात म्हनाले, घास आज तिची पाळी, लावंल तीच. आनि आले निघून. पुढं म्हनली, तू एकटीच खोटं बोलली न्हाईस. मग म्हनली, उभी काय राहिलीस, बादली धर.

एवढंच झालं. गळ्यात गळे घालून रडलो वगैरे काही न्हाई. बारा वर्सं गेली ती गेलीच, त्यात दोघींचे नवरे गेले, दोघींचे केस गेले. भिंत काढायचं तिनं कबूल केलं न्हाई आनि मीबी तो इषय परत काढला न्हाई तिच्यापाशी. शेन मात्र ती आता परड्यात टाकती. स्वाती फोनवर येनाऱ्याला आधीच सांगती, शेजारी म्हशी आहेत, वास येतो, आवाज येतो, चालत असंल तरच या. काही जन न्हाई म्हनत्यात. जे येत्यात ते पोरांना घेऊन धार बघायला भिंतीपलीकडं जात्यात, आनि थोरली त्यांना वरडती, मागनं जाऊ नका, लाथ बसंल. वाघाचं स्वाती कुनाला सांगत न्हाई. दाराला आतनं नखांचे ओरखडे हायेत, कुनी इचारलं तर सांगती, जुनं दार हाय.

सध्या थोरली नगरला हाय, लेकीकडं. डोळ्यांचं आप्रेशन झालं, एक झालं, दुसरं पंधरा दिवसांनी. जाताना म्हनली, म्हशी तुझ्याकडं. पन म्हैस काय, परक्या हाताला पान्हा सोडती व्हय. पहिल्या सकाळी मी बसले तर तिनं बादलीच उडवली. मी फोन केला, बाई, तुमची म्हैस मला उभी करीना. पलीकडनं हसायला लागली. म्हनली, अगं माझं लुगडं नेस, दांडीवर हाय, हिरवं, धुवू नको. तेवापासनं रोज दोन येळा मी तिचं लुगडं नेसून जाते. कालच्या पाहुन्यांतली एक बाई फोटो काढत हुती, म्हनली, मावशी, धार काढायचा हा येगळा पोशाख असतो का. मी म्हनाले, व्हय, असतो. म्हैस फसती का न्हाई ते मला माहीत न्हाई. ती मान वळवून बघती, पदराचा वास घेती, थोडी थांबती. मग सोडती.

माझं काही म्हननं न्हाई आता कुनाशी. लेक-सून धड हायेत, येनारा पाहुना जेवून झोपतो आनि सकाळी हसत जातो, थोरलीचा डोळा बरा होवो, तिला माझं तोंड नीट दिसो, म्हातारं झालंय म्हनाली तरी चालंल. आनि ताई, तुमी एवढं लिहिलं, तुमच्या बी घरादाराचं चांगलं होवो. आता उठते मी. पाच वाजत आले, लुगडं बदलायचं हाय.